द्राक्षमळ्यांच्या देशातील पायवाट

इटलीतील टस्कनी प्रांतात मार्गदर्शकासह करावयाची पदयात्रा : इतिहास, स्वरूप आणि पूर्वतयारी

परदेशप्रवास म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते. पहाटे उठून बसमध्ये बसायचे, दुपारपर्यंत तीन स्थळे पाहायची, संध्याकाळपर्यंत आणखी दोन. घरी परतल्यावर छायाचित्रे उघडून कोणता मनोरा कोणत्या गावचा, याचा शोध घेत बसायचे. अशा प्रवासात देश खिडकीतून दिसतो. त्याची माती पायाला लागत नाही आणि तिथल्या माणसाशी शब्दाचीही देवघेव होत नाही.

याहून निराळा असा एक प्रवासप्रकार युरोपात चांगला रुजलेला आहे. आठ ते पंधरा जणांचा लहानसा गट, सोबत त्या प्रदेशाचा जाणकार मार्गदर्शक, रोज पंधरा-वीस किलोमीटरांची वाटचाल आणि प्रत्येक रात्री नवे गाव. जड सामान गाडीने पुढच्या मुक्कामी पोहोचते. यात्रिकाच्या पाठीवर केवळ पाणी, खाऊ आणि पावसाळी अंगरखा एवढेच ओझे असते. साधुसाध्वींचा विहार आणि पंढरीची वारी पाहत आलेल्या मराठी माणसाला पायी प्रवासाचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र सहलीसाठी, तेही परदेशी खेड्यांतून चालत जाण्याची कल्पना आपल्याकडे अद्याप नवी आहे.

अशा पदयात्रेसाठी इटलीचा टस्कनी प्रांत जगभर नावाजलेला आहे. मंद उतारांच्या टेकड्या, सुरूसारख्या सरळ वाढणाऱ्या सायप्रस वृक्षांच्या रांगा, ऑलिव्हच्या रुपेरी बागा, द्राक्षमळे आणि त्यांमधून वळणे घेत जाणारे पांढऱ्या मातीचे रस्ते. चित्रात पाहिलेले ते सारे तेथे खरोखरच आहे. परंतु त्या निसर्गचित्राला एक इतिहास आहे आणि तेथील शांततेमागे माणसांच्या स्थलांतराची कहाणी आहे. ती ठाऊक असेल तर चालणाऱ्याच्या दृष्टीला खोली येते आणि आपला पैसा कोठे खर्च करावा याचेही भान येते.

एका धर्मगुरूची नोंदवही

टस्कनीतील बहुतेक पदयात्रा ज्या मार्गाने जातात त्याचे नाव ‘व्हिया फ्रान्चिजेना’. फ्रँक लोकांच्या देशाकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, येणारी वाट असा त्याचा अर्थ. इंग्लंडमधील कँटरबरीपासून रोमपर्यंत सुमारे २,००० किलोमीटरांची ही मध्ययुगीन यात्रावाट आहे. कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक इ. स. ९९०च्या सुमारास पोपकडून आपल्या पदाची वस्त्रे स्वीकारण्यासाठी रोमला गेले. परतीच्या वाटेवरील मुक्कामांची एक यादी मागे राहिली. तीत ७९ ठिकाणांची नावे आहेत आणि तिचे हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहे. यादी अगदी कोरडी आहे. वर्णन नाही, भावना नाही, केवळ गावांची नावे आणि क्रमांक. तथापि, त्या कोरड्या यादीच्या आधारेच हजार वर्षांनंतर ही वाट पुन्हा जुळविता आली. १९९४ मध्ये युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला.

रोमपासून मोजत गेल्यास सान क्विरिको हा सिगेरिक यांचा बारावा मुक्काम, सिएना पंधरावा आणि सान जिमिन्यानो एकोणिसावा. आजचे पदयात्रिकही याच गावी रात्र घालवतात. लाल-पांढरे पट्टे आणि काठी घेतलेल्या यात्रेकरूचे छोटेसे चिन्ह वाटेवर जागोजागी दिसते. सर्व मार्ग चालण्यास काही महिने लागतात. म्हणून आठवडाभराच्या सहलीसाठी गाम्बास्सी तेर्मे ते सान क्विरिको दॉर्चा हा सुमारे ११५ किलोमीटरांचा मधला भाग निवडणे सोयीचे ठरते.

गाम्बास्सी ते सिएना

पहिला टप्पा जेमतेम १३ किलोमीटरांचा, पायांना सवय लावणारा. द्राक्षमळ्यांतून आणि ऑलिव्हच्या बागांतून जाताना दूरवर सान जिमिन्यानोचे दगडी मनोरे दिसू लागतात. एके काळी या छोट्या गावात ७२ मनोरे होते. श्रीमंत घराण्यांनी परस्परांवर मात करण्यासाठी ते बांधले. शेजाऱ्याचा मनोरा उंच झाला की आपला त्याहून उंच करावयाचा! आज त्यांपैकी चौदा उरले आहेत. १३४८ च्या प्लेगने गावाची कंबर मोडली आणि १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या सत्तेखाली गेले. नव्याने बांधण्याची ऐपत न राहिल्यामुळेच जुने पुष्कळसे टिकले. १९९० मध्ये युनेस्कोने या गावाची जागतिक वारसास्थळांत गणना केली.

सान जिमिन्यानोची आणखी एक ओळख आपल्याला जवळची वाटेल. येथे केशर पिकते. मध्ययुगात हे गाव केशराच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते आणि २००५ पासून येथील केशराला युरोपीय संघाची भौगोलिक ओळख मिळाली आहे. ऑक्टोबरात जांभळी फुले सकाळी खुडून त्यांतील लाल तंतू हातानेच वेगळे करतात. काश्मिरातील पांपोरप्रमाणेच येथेही या कामाला यंत्राचा उपयोग नाही.

दिवसा या गावात बसगाड्यांतून पर्यटकांचे थवे उतरतात आणि गल्ल्यांतून पाऊल टाकणे अवघड होते. सायंकाळी गाड्या निघून जातात. मुक्कामाला थांबलेल्या पदयात्रिकाला मात्र संध्याकाळ आणि पहाट या दोन्ही वेळी खरे गाव दिसते. दुकानदार दारात खुर्ची टाकून बसतात, चौकातील जुन्या विहिरीच्या कट्ट्यावर मुले खेळतात. पायी प्रवासातील हा साधा लाभ कोणत्याही तिकिटाने मिळत नाही.

पुढील टप्पा मोठा आहे. सान जिमिन्यानो ते मोन्तेरिज्जोनी सुमारे ३० किलोमीटर. बहुतेक मार्गदर्शक तो दोन दिवसांत विभागतात किंवा काही अंतर गाडीने पार करतात. वाटेत इ. स. १००१ मध्ये स्थापन झालेला अब्बादिया आ इझोला हा मठ लागतो आणि मग टेकडीवर मोन्तेरिज्जोनीचा वर्तुळाकार कोट दिसतो. सिएना नगरराज्याने १२१३ ते १२१९ या काळात फ्लॉरेन्सविरुद्धची चौकी म्हणून तो उभारला. सुमारे ५७० मीटर परिघाची तटबंदी आणि चौदा बुरूज. महाकवी दान्ते यांनी आपल्या काव्यात नरकातील राक्षसांना याच बुरुजांची उपमा दिली आहे. आज आत उणीपुरी दोन गल्ल्यांची वस्ती आहे.

मोन्तेरिज्जोनीपासून सिएना २० किलोमीटर. ओक वृक्षांच्या रानातून आलेला यात्रिक कामोल्लिया दरवाजाने शहरात प्रवेश करतो. या वेशीवर लॅटिन भाषेतील एक लेख कोरलेला आहे. या दरवाजाहूनही विशाल असे आपले हृदय सिएना तुझ्यासाठी उघडते, असा त्याचा आशय. दमलेल्या पांथस्थाला याहून चांगले स्वागत कोणते?

भिंतीवरील चित्र आणि बाहेरचे चित्र

सिएनात एक पूर्ण दिवस विश्रांतीसाठी ठेवावा आणि त्यातील तासभर तरी नगरभवनातील एका दालनासाठी राखावा. १३३८-३९ मध्ये आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने तेथील भिंतींवर सुराज्य आणि कुराज्य यांचे परिणाम चितारले. शहराचा कारभार पाहणारे नऊ पंच याच दालनात बसत. आपल्या निर्णयाचे फळ काय असेल, हे त्यांना रोज समोर दिसावे ही योजना.

सुराज्याच्या चित्रात अर्धी भिंत शहराची, तर अर्धी खेड्यांची आहे. वेशीतून माणसे ये-जा करीत आहेत, लादलेली गाढवे चालली आहेत, शेतात मळणी सुरू आहे, उतारांवर द्राक्षवेलींच्या ओळी आहेत. या सर्वांवर ‘सुरक्षितता’ ही देवता तरंगताना दाखविली आहे. तिच्या एका हातातील पट्टीवर लिहिलेल्या मजकुराचा भावार्थ असा की, येथे प्रत्येकाने निर्भयपणे वाट चालावी आणि प्रत्येकाने नांगरावे, पेरावे. दुसऱ्या हातात मात्र वधस्तंभ आहे. निर्भयता ही कायद्याच्या धाकावर उभी असते, हे चित्रकाराने लपविलेले नाही.

वाटसरू आणि शेतकरी यांचे नाते या चित्रात एकाच ओळीत बांधलेले आहे. शेत पिकते तेथेच वाट सुरक्षित असते आणि वाट वाहती असते तेथे शेतमालाला किंमत येते. शहरातील सान्ता मारिया देल्ला स्काला हे प्राचीन रुग्णालयही या नात्याचे उदाहरण होय. यात्रेकरू, दरिद्री रुग्ण आणि टाकून दिलेली बालके यांना तेथे आश्रय मिळे. त्यासाठी लागणारे धान्य रुग्णालयाच्या स्वतःच्या शेतांतून येई. सिएनाहून दक्षिणेकडे निघाल्यावर वाटेत कूना येथे चौदाव्या शतकातील तटबंदीयुक्त विटांचे प्रचंड धान्यकोठार दिसते, ते याच रुग्णालयाचे.

सिएना ते पोन्ते दार्बिया २६ आणि तेथून सान क्विरिको आणखी २६ किलोमीटर. या भागाला क्रेते म्हणजे चिकणमातीचा प्रदेश म्हणतात. झाडे विरळ, सावली कमी, क्षितिज मोठे. एप्रिलमध्ये गव्हाची हिरवी लाट, जूनमध्ये सोनेरी आणि शरदात नांगरलेल्या मातीची राखाडी. त्यापुढे वाल दॉर्चा हे खोरे लागते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाने हे खोरे आपल्या राज्यात आणून त्याची नव्याने आखणी केली. सुराज्याचा आदर्श जमिनीवर उतरावा आणि तो डोळ्यांना सुंदरही दिसावा, हा त्यामागचा विचार होता. युनेस्कोने २००४ मध्ये या खोऱ्याला वारसास्थळ मानले, ते याच कारणास्तव. म्हणजे जे दृश्य आपण निसर्गाचे म्हणून पाहतो ते बहुतांशी माणसाने रचलेले आहे.

शांततेची किंमत

या रचनेचे श्रम कोणाचे? येथे चित्राची दुसरी बाजू सुरू होते. टस्कनीत कित्येक शतके ‘मेज्जाद्रिया’ नावाची पद्धत चालत होती. आपल्याकडील अर्धेलीसारखी. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे आणि पीक दोघांत निम्मे. प्रत्येक कुटुंबाला घरासह जमिनीचा एक तुकडा दिला जाई. त्यावर गहू, द्राक्षे, ऑलिव्ह, भाजीपाला आणि जनावरे असे सर्व काही असे. टेकड्यांच्या माथ्यावर एकेकटी दिसणारी दगडी घरे या व्यवस्थेतूनच निर्माण झाली. तळमजल्यावर गोठा, वर पंधरा-वीस माणसांचे एकत्र कुटुंब. वडीलधारा पुरुष शेताचे पाही, घरधनीण स्वयंपाकघर आणि कोंबड्यांचा हिशेब ठेवी. मालकाचा कारभारी वहीत देणे-घेणे मांडी आणि ती वही वाचण्याइतके अक्षरज्ञान कुळाला बहुधा नसे. लग्नकार्यासाठीसुद्धा अनेक ठिकाणी मालकाची अनुमती लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे जग थोड्याच वर्षांत विरून गेले. शहरांतील कारखाने पगार देत होते, घरात नळ आणि वीज देत होते. तरुण मंडळी निघून गेली, मागाहून म्हातारीही गेली. १९६४ च्या कायद्याने मेज्जाद्रियाचे नवे करार करण्यास बंदी आली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे खंडात रूपांतर करण्याची तरतूद झाली. ज्यांच्या आजोबांनी १९४८ चा कूळकायदा अनुभवला आहे अशा मराठी वाचकांना या घडामोडीचा अर्थ सहज कळेल. फरक इतकाच की, आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कूळ जमिनीवर राहिले आणि मालक झाले. टस्कनीत बहुतेक कुळांनी जमीनच सोडली. हजारो घरे ओस पडली. क्रेते आणि वाल दॉर्चा या भागांतील कित्येक रिकाम्या शेतांवर सार्डिनिया बेटावरील मेंढपाळ आपले कळप घेऊन आले आणि स्थायिक झाले. आज या भागाचे वैभव मानले जाणारे मेंढीच्या दुधाचे चीज पुष्कळसे त्यांच्या हातचे आहे.

बुओनकोन्वेन्तो या विटांच्या कोटाने वेढलेल्या टुमदार गावात मेज्जाद्रियाचे एक संग्रहालय आहे. पोन्ते दार्बिया ते सान क्विरिको या टप्प्यात ते वाटेवरच पडते. मार्गदर्शक वगळू पाहत असला तरी आग्रहाने पाहावे. तेथील नांगर, पाळणे आणि हिशेबाच्या वह्या पाहिल्यानंतर बाहेरच्या टेकड्या वेगळ्या दिसू लागतात. आपल्याला मोहविणारी ती नीरव शांतता ही मुख्यतः माणसे निघून गेल्याची शांतता आहे, हे ध्यानात येते.

त्या ओस घरांना पुन्हा जाग आणण्याचा एक मार्ग १९८५ च्या राष्ट्रीय कायद्याने खुला केला. ‘अग्रितुरिज्मो’ म्हणजे शेतघरातील पाहुणचार. शेतकऱ्याने आपल्या घरात पाहुणे ठेवावेत, स्वतःच्या शेतातील पदार्थ वाढावेत. अट एकच, शेती हाच त्याचा प्रमुख व्यवसाय राहिला पाहिजे. त्यामुळे अशा घरी दिलेला मुक्कामाचा पैसा शेती टिकविण्याच्या कामी येतो. पदयात्रा निवडताना आयोजकाला हा प्रश्न अवश्य विचारावा की, मुक्काम चालत्या शेतावरील घरांत आहेत की शहरी मालकांनी विकत घेऊन सजविलेल्या हवेल्यांत? दोन्ही ठिकाणांहून दिसणारे दृश्य सारखेच सुंदर असते. परंतु पहिल्या ठिकाणी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येतो आणि तो आवाजच त्या दृश्याच्या उद्याची हमी असतो.

मद्य न घेता द्राक्षमळा

टस्कनी हा मद्यनिर्मितीचा प्रदेश आहे. १७१६ मध्ये तेथील ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने कियान्ती आणि अन्य तीन भागांच्या सीमा फर्मान काढून निश्चित केल्या. भौगोलिक ओळखीच्या जुन्या दाखल्यांत त्याची गणना होते. बहुतेक पदयात्रांच्या कार्यक्रमात मद्याची चव घेण्याचा एक-दोन तासांचा भाग असतो. आपल्यापैकी ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांनी नोंदणीच्या वेळीच तसे स्पष्ट कळवावे. त्याऐवजी ऑलिव्ह तेलाच्या घाणीची भेट किंवा केवळ मळ्यातील फेरफटका मागता येतो. आधी सांगितल्यास आयोजक सहसा आनंदाने बदल करतात.

मळा मात्र चुकवू नये. तासगाव, मिरज किंवा नाशिककडील बागायतदार कुटुंबांना तर येथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी अशी वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. टस्कनीत थंडीत वेल पाने गाळून झोपते, त्या काळात एकदाच छाटणी होते आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत तोडणी. आपल्याकडे मांडव किंवा वाय आकाराचे आधार असतात, तर तेथे तारांवर कमरेइतक्या उंचीच्या सरळ ओळी. ओळीच्या टोकाला लावलेले गुलाबाचे झाड शोभेचे नसते. भुरी रोग आधी गुलाबावर दिसतो आणि शेतकरी सावध होतो, असा तो जुना संकेत आहे. मोरचूद आणि चुना यांचे जे बोर्डो मिश्रण आपल्या बागांत फवारले जाते त्याचे नावही फ्रान्समधील बोर्दो या द्राक्षप्रांतावरून आले आहे. काही घरांत घोस सावलीत टांगून किंवा चटयांवर पसरून वाळविले जातात. तासगावचे बेदाणा शेड पाहिलेल्याला ते पाहून नवल वाटणार नाही.

अर्धेलीच्या काळात येथे वेली तारांवर नव्हत्या. गव्हाच्या शेतात मॅपलची झाडे लावून त्यांवर वेल चढवीत आणि त्याला वेलीचे झाडाशी लग्न लावणे असे म्हणत. कण्वाश्रमातील शकुंतलेने वनज्योत्स्नेला आम्रवृक्षाची वधू मानले होते, त्याची येथे सहज आठवण व्हावी. आता अशा जोड्या क्वचितच उरल्या आहेत. एखादी दिसल्यास चांगला मार्गदर्शक थांबून दाखवितो.

आहाराचा प्रश्न

शाकाहारी यात्रिकाला टस्कनी अवघड नाही. येथील पारंपरिक अन्न गरिबांचे अन्न आहे. शिळी पोळी वाया जाऊ नये म्हणून आपण जसा तिचा कुस्करा करतो तसे येथे शिळ्या पावापासून अनेक पदार्थ करतात. टोमॅटोत शिजविलेला पाव म्हणजे ‘पाप्पा अल पोमोदोरो’, भिजवून काकडी-टोमॅटोसह कालविलेला ‘पान्झानेल्ला’ आणि कोबी व पांढरा राजमा घालून पुन्हा उकळलेली ‘रिबोल्लिता’. शेंगा-कडधान्यांची येथे इतकी आवड की इतर इटालियन लोक टस्कन माणसाला घेवडे खाणारा म्हणून चिडवीत आले आहेत. येथील पावात मीठ नसते. अळणी वाटला तर तो पाककर्त्याचा दोष समजू नये.

तरीही काही गोष्टी विचारूनच घ्याव्यात. सूप मांसाच्या पाण्यात केलेले असू शकते. ताज्या रुंद पास्त्यात अंडे असते, तर दुकानात मिळणारा कोरडा पास्ता बहुधा फक्त रवा आणि पाण्याचा असतो. हाताने वळलेला ‘पिची’ हा जाड शेवयांसारखा प्रकार सामान्यतः पीठ-पाण्याचा, पण त्यातही कधी अंडे पडते. चीज बनविताना प्राणिज विरजणाचा वापर होतो. काही मेंढपाळ काटेरी वनस्पतीच्या फुलांचा उपयोग करतात, त्याची चौकशी करावी. सिएनाच्या प्रसिद्ध ‘पान्फोर्ते’ मिठाईत मध असतो. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी तशी लेखी सूचना इटालियन भाषेत आधीच पाठवावी. सोबत चार शब्द पाठ असावेत. सेन्त्सा कार्ने म्हणजे मांसाशिवाय, सेन्त्सा उओवा म्हणजे अंड्याशिवाय, सेन्त्सा चिपोल्ला म्हणजे कांद्याशिवाय आणि सेन्त्सा आल्यो म्हणजे लसणाशिवाय. खाकरा, भाजलेले चणे आणि थोडा सुका मेवा पिशवीत असला की दुपारची चिंता मिटते.

इटालियन लोक रात्रीचे जेवण साडेसात-आठनंतर घेतात. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्यांसाठी मे आणि जून हे महिने सोयीचे आहेत. त्या काळात सूर्यास्तच साडेआठच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा होतो. शेतघरी सात वाजता ताट मांडण्याची विनंती केली तर ती बहुधा मान्य होते. ऑक्टोबरच्या मध्यास मात्र साडेसहालाच दिवस मावळतो.

ऋतू, सोबत आणि तयारी

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चालण्याचे दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये क्रेतेच्या उघड्या माळावर ऊन असह्य होते. द्राक्षतोडणी पाहण्यासाठी शरद ऋतू चांगला, परंतु एक गोष्ट ध्यानात असावी. इटलीत सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो आणि टस्कनीच्या रानात रानडुकरांची शिकार मोठ्या प्रमाणावर चालते. मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवशी कायद्याने शिकारीला बंदी आहे. बंदुकीचे आवाज ज्यांना सहन होणार नाहीत त्यांनी वसंतातच जावे. शरदात जाणाऱ्यांनी भडक रंगाचे कपडे घालावेत आणि मार्गदर्शकाचा शब्द मोडू नये.

वाट खुणांनी दाखविलेली असताना मार्गदर्शक कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अनुभवी गिर्यारोहकाला तो कदाचित लागणार नाही. कुटुंबासह प्रथमच जाणाऱ्याला मात्र त्याची सोबत मोलाची ठरते. पावसानंतर चिकणमाती बुटाला शेर-शेर चिकटते, तेव्हा कोणती वाट टाळावी हे तो जाणतो. कळपांची राखण करणारे पांढरे, दांडगे मारेम्मा कुत्रे दिसले की किती लांबून वळसा घ्यावा, हे तो सांगतो. वसंतात उंच गवतातून चालल्यावर पायांना गोचीड चिकटली आहे का, हे तपासण्याची आठवण करतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो दुभाष्या असतो. शेतकऱ्याशी दहा मिनिटांचे बोलणे घडवून आणणारा मार्गदर्शक मिळाला तर सहल सार्थकी लागली असे समजावे. टस्कनीत पदभ्रमण मार्गदर्शन हा पात्रता लागणारा व्यवसाय आहे. तशी पात्रता आहे का, गट किती जणांचा, रोजचे अंतर आणि चढ किती आणि थकलेल्यास मध्येच गाडी मिळेल का, एवढे प्रश्न लेखी विचारावेत.

तयारी दोन महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून चार दिवस तासभर चालणे आणि दर रविवारी दहा ते पंधरा किलोमीटर, शक्यतो चढ-उतार असलेल्या वाटेने. बूट नवे असल्यास याच काळात पायांत रुळवावेत. फोडांमुळे जितक्या सहली बिघडतात तितक्या पावसामुळे बिघडत नाहीत. दीड-दोन लिटर पाणी, टोपी, हलका पावसाळी अंगरखा, जाड मोज्यांच्या तीन जोड्या आणि नेहमीची औषधे पुरेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. फ्लॉरेन्स किंवा पिसा येथे उतरून रेल्वे व बसने पुढे जाता येते. साठी ओलांडलेल्या, नियमित चालणाऱ्या मंडळींना ही वाट झेपण्यासारखी आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही, फक्त त्यांच्यासाठी रोजचे अंतर कमी ठेवावे.

शेवटच्या मुक्कामी, सान क्विरिकोजवळच्या बान्यो विन्योनी या खेड्यात, गावाच्या मधल्या चौकात फरसबंदीऐवजी गरम पाण्याचे मोठे कुंड आहे. त्या कुंडात उतरण्यास आता मनाई असली तरी काठावर बसून वाफ पाहता येते. सिगेरिक यांच्यासारखे किती वाटसरू या खोऱ्यातून गेले असतील आणि किती कुळांनी आजूबाजूची माती नांगरली असेल, याचा विचार तेथे आपोआप मनात येतो. लोरेन्झेत्तींच्या चित्रात वाटसरू आणि शेतकरी शेजारी शेजारी होते. सात शतकांनी त्यांतील शेतकरी विरळ झाला आहे आणि वाटसरू पुन्हा वाढू लागला आहे. त्याने शेतघरी उतरून, शेतातलेच खाऊन, पिकातून न तुडविता बांधाबांधाने चालून तो समतोल थोडा तरी सावरावा, एवढेच त्या भूमीचे आपल्याकडे मागणे आहे. परतल्यावर आपल्याच तालुक्यातील द्राक्षबागांच्या कडेने एखादा रविवार चालून पाहावा. तेथेही कोणी छाटणी करीत असेल, आणि दहा मिनिटे बोलण्यास त्याचीही ना नसेल.